जुना फ्लॅट भाड्याने देण्यासाठी घेताना दुरुस्तीचा खर्च आधीच कसा काढायचा?

निशिगंध
नमस्कार मंडळी. बाबा गेल्यावर त्यांची पुंजी आणि गावाकडची थोडी जमीन विकून आलेले पैसे यातून आईच्या नावावर पुण्यात एक फ्लॅट घ्यायचं आम्ही बहीण-भावाने ठरवलं आहे. तो भाड्याने देऊन आईच्या हातात दरमहा काहीतरी पडावं, एवढाच हेतू. एकूण ८५ लाखांच्या वर जाता येणार नाही, कर्ज काढायचं नाही.

कोथरूडमध्ये १९८६च्या इमारतीतला एक फ्लॅट पाहिला. कार्पेट ६२० चौरस फूट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, संडास आणि मोरी वेगवेगळी. मागणी ७२ लाख. घर बरीच वर्षं हात न लागलेलं: जुनी मोझॅकची फरशी, लोखंडी खिडक्या, मोरीच्या भिंतीला ओल. एजंट म्हणतो, "ताई, तीन-साडेतीन लाखांत चकाचक होईल." तो आकडा कशावरून काढला, हे तो सांगत नाही.

विसार देण्याआधी खर्चाचा खरा अंदाज मला स्वतः काढायचा आहे. तुम्ही कसा काढलात? कुठे चुकला? आईचे पैसे आहेत, म्हणून जरा घाबरून विचारते आहे.

मुळाकाठ
सोपा हिशेब: कार्पेट गुणिले १,००० रुपये. म्हणजे तुमचे सहा-सव्वासहा लाख. आम्ही दोन फ्लॅट केले, दोन्ही वेळा याच्या आसपास आले.

सायसाखर
एजंटच्या साडेतीन लाखांत रंग, दिवे आणि नवा ओटा होईल. भिंतीच्या आत जे आहे ते तसंच राहील आणि पहिल्या पावसाळ्यात भाडेकरूचा फोन येईल.

ओळंबा
मी सिव्हिलमधला, २२ वर्षं दुरुस्तीचीच कामं करतो. मुळाकाठ, तुमचा आकडा कदाचित बरोबर येईलही, पण चौरस फुटाच्या दराने जुन्या घराचा अंदाज बांधू नये असं माझं ठाम मत आहे. कारण पैसा चौरस फुटावर सारखा पसरत नाही. निशिगंध यांच्या घरात मोरी आणि संडास मिळून फार तर ४५-५० चौरस फूट असेल. एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा तिथेच जाणार. हॉल कितीही मोठा असला तरी त्याला रंगच लागतो.

माझी पद्धत सांगतो. टेप, वही आणि टॉर्च घेऊन जा, दोन तास काढा.

आधी पाणी. ओट्याचा नळ पूर्ण सोडा, मग मोरीतला सोडा. पहिल्याची धार एकदम बारीक झाली तर आतले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप गंजून भरलेत असं समजा. घर बंद असेल तर पहिलं पाणी तांबूस येतं, तेही बघा. पाइप बदलायचे म्हणजे भिंत फोडणं, म्हणजे टाइल्स, म्हणजे वॉटरप्रूफिंग. एक धागा ओढला की सगळी वीण उसवते. त्यामुळे मोरीचं काम अर्धवट धरूच नका. धरलं तर पूर्ण: फरशी आणि कोबा फोडून काढणं, नहाणी ट्रॅप (मोरीतलं पाणी वाहून जाणारी जाळीची जागा) नवा, सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचे) पाइप, ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे घालून केलेला पाणीरोधक थर), पाणी भरून चाचणी, मग टाइल्स.

टाइल्सचं माप स्वतः काढा. मोरी ७ बाय ४ फूट धरली तर चारी भिंती मिळून २२ फूट. ७ फूट उंचीपर्यंत टाइल लावायची तर १५४ चौरस फूट, दाराचे १७-१८ वजा, जमिनीचे २८ अधिक. झाले साधारण १६५. तुटफूट आणि कापाकापीचे १० टक्के धरून १८० मागवा. असं माप हातात असलं की ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये २५० लिहिलेलं लगेच दिसतं.

मग भिंती. उलट्या बोटांनी ठोकत जा. गिलावा सुटला असेल तिथे बद्द आवाज येतो. तेवढ्या जागेवर खडूने खूण करून मोजा. रंगाचं क्षेत्रफळ ढोबळमानाने कार्पेटच्या साडेतीनपट, तुमच्यासाठी २,१७० चौरस फूट.

शेवटी छत. स्लॅबला सळईच्या रेषेत तडे आहेत का, तांबूस डाग आहेत का, कुठे सिमेंट सुटून सळई उघडी पडली आहे का? सळई गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट ढकलून पाडते. हे दिसलं तर रंगाच्या गप्पा बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला न्या.

चाफा
ओळंबा, प्रतिसाद जपून ठेवला आहे. एक भर घालते: खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवा. तुमच्या मोरीचं खरं प्रगतिपुस्तक त्यांच्या छतावर असतं. आम्ही गेलो तर त्या काकूंनी चहा दिला आणि मागच्या सहा वर्षांचा गळतीचा इतिहास सांगितला. मालकाने यातलं अक्षरही काढलं नव्हतं.

रत्नागिरीकर
सळईबद्दल +१. समुद्राजवळ तर हे फारच लवकर होतं, खारी हवा काँक्रीटमध्ये शिरते. आमच्याकडे २० वर्षांच्या इमारतींचे सज्जे गळून पडलेले पाहिलेत.

थोडं अवांतर: मी मागे पर्यटकांना राहायला देण्यासाठी एक जुनं जांभ्याचं घर घेतलं. भिंती दीड फुटी, दणदणीत. सगळं लक्ष भिंतींवर आणि वर सगळ्या वाशांना वाळवी. कौलं उतरवल्यावर कळलं. मंगळुरी कौलं बहुतेक परत वापरता आली, पण लाकडाने अंदाज दुपटीवर नेला. पुढच्या वेळी घेताना सुताराला माळ्यावर चढवूनच बोलणी करीन. प्रत्येक वास्याला त्याने पटाशी टोचून बघायची.

पाणपोई
इलेक्ट्रिकचं कोणीच बोललं नाही. एक बोर्ड उघडून बघा (मेन बंद करून आणि वायरमनच्या हातून). जुन्या इमारतीत अनेकदा अर्थिंगची तार सगळ्या बोर्डांपर्यंत पोचलेलीच नसते. भाडेकरू एसी, गीझर, इंडक्शन सगळं लावणार. दिव्यांना १.५, प्लगला २.५ आणि एसी-गीझरला ४ चौरस मिमीची तार, असं नव्याने ओढायचं म्हणजे भिंतीत झिरी कापणं आलं. ते रंगाच्या आधीच व्हायला हवं. आणि आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय कुणालाही घर भाड्याने देऊ नका. कुणाचं तरी मूल त्या घरात ओल्या हाताने बटण दाबणार आहे.

वीजबिलावर 'मंजूर भार' (एका वेळी किती वीज वापरता येईल ती मर्यादा) छापलेला असतो, तोही बघून ठेवा. माझ्या फ्लॅटचा फक्त १ किलोवॅट होता, वाढवून घ्यावा लागला.

टेकडी
सगळे खर्च कसा मोजायचा ते सांगताय. मला वेगळा प्रश्न पडतो: एवढा खर्च करायचाच का? भाड्यासाठी आहे ना घर? तसंच दिलं तर समजा २२,००० मिळतील, सहा लाख घालून २७,०००. फरक ५,०००, वर्षाचे ६०,०००. सहा लाख वसूल व्हायला दहा वर्षं! तोवर पुन्हा रंग आणि पुन्हा नळ. ते सहा लाख आईच्या नावाने मुदत ठेवीत ठेवा आणि घर पुसून-धुऊन द्या.

सायसाखर
टेकडी, हिशेब बरोबर, पण त्यात गृहीतक असं की घर तसंच असताना २२,००० देणारा मिळेल. ओल आलेल्या मोरीचं घर कोण घेतं? जो घेतो तो चार महिन्यांत सोडतो. दरवेळी रिकामा महिना, दरवेळी एजंटची दलाली, दरवेळी ११ महिन्यांच्या कराराची नोंदणी. माझ्याकडे असंच झालं. पहिल्या दोन वर्षांत चार भाडेकरू. मोरी आणि वायरिंग केल्यावर आलेलं कुटुंब पाच वर्षं राहिलं.

टेकडी
मान्य. मग दोन याद्या कराव्या. एक: जे केल्याशिवाय घर राहण्याजोगं नाही. दुसरी: जे डोळ्याला छान वाटतं. पहिलीत पाणी, वीज, ओल, कड्याकुलपं. दुसरीत फॉल्स सीलिंग, नक्षीदार वॉर्डरोब, दोन रंगांच्या भिंती. भाड्याच्या घरात दुसरीवर एक रुपयाही घालू नये या मताला मी चिकटून आहे.

चाफा
दुसऱ्या यादीतून एकच काढा: स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या. घर बघायला बाई आली की ती आधी ओट्यापाशी जाते. साध्या स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्याही चालतात.

मुळाकाठ
बाईच कशाला, आमच्याकडे मी जातो :) पण मुद्दा खरा आहे.

ओळंबा
निशिगंध, मोझॅकबद्दल राहिलं. ती फरशी काढू नका! त्यावर टाइल चिकटवण्याचा सल्ला मिळेल, तोही घेऊ नका. दारं खालून कापावी लागतात, उंबऱ्यापाशी पायरी होते, स्लॅबवर वजन वाढतं. मोझॅक मशीनने घासून पॉलिश केलं तर नव्याहून सुंदर दिसतं, आणि नव्या फरशीच्या तुलनेत अगदी थोड्या पैशांत होतं. जुन्या कारागिरांनी संगमरवराचे तुकडे घालून ओतलेली, दाबून घडवलेली ती फरशी आहे. चाळीस वर्षं पाय झेलले तरी तिच्यात अजून दम असतो. जिथे तडे असतील तेवढेच तुकडे बदला. ती फोडून पोत्यांतून खाली नेताना बघितलं की मला अजूनही वाईट वाटतं.

पाणपोई
पोत्यांवरून आठवलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही! राडारोडा खाली आणि वाळू-सिमेंट-टाइल्स वर, दोन्हीची हमाली मजल्यागणिक लागते. कोटेशनमध्ये ही ओळ बहुतेक नसते. काम सुरू झाल्यावर 'तो वेगळा' म्हणतात.

हिशेबी
मी सीए आहे, माझ्या बाजूचं सांगतो.

दुरुस्तीच्या अंदाजात खरेदीचा खर्च मिसळून बघा, कारण पैसे एकाच खिशातून जाणार आहेत. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के. घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत, म्हणजे ६. ७२ लाखांवर ५ लाख ४ हजारांऐवजी ४ लाख ३२ हजार, ७२,००० वाचतात. पण सहमालक म्हणून भावाचं नाव घातलं तर सवलत गेली, आणि सरकारी मूल्यांकन करारापेक्षा जास्त निघालं तर शुल्क त्यावर लागतं. नोंदणी फी ३०,०००. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य (घर नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,०००. त्याहून जास्त 'देणगी' मागितली तर नियम दाखवा. व्यवहार ५० लाखांच्या वरचा असल्याने विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची.

आता आयकर. भाड्याच्या उत्पन्नातून आधी भरलेला मालमत्ता कर वजा होतो, मग उरलेल्याच्या सरसकट ३० टक्के. दुरुस्तीला शून्य खर्च झाला तरी ३० आणि पाच लाख झाला तरी ३०. त्यामुळे 'दुरुस्ती करात वळती होईल' हे गणित धरू नका. मात्र नवं वायरिंग, नवं प्लंबिंग, नव्या खिडक्या अशा भांडवली सुधारणांची पक्की बिलं आईच्या नावाने जपून ठेवा. उद्या घर विकताना भांडवली नफ्यातून तो खर्च वजा मागता येतो. बिल नसेल तर काही मागता येत नाही. रोखीत पाच टक्के स्वस्त देणारा ठेकेदार या हिशेबात महाग पडतो.

अंगतपंगत
सगळ्यात मोठा खर्च तुमच्या फ्लॅटच्या बाहेर असू शकतो. माझी चूक सांगते.

मी अशाच वयाच्या इमारतीत फ्लॅट घेतला. आतल्या कामाचा अंदाज पै-पैचा होता आणि जवळपास तेवढ्यातच झालं. खरेदीखत झाल्यावर चार महिन्यांनी सोसायटीचं पत्र आलं: कॉलम, सज्जे आणि गच्चीची दुरुस्ती, प्रत्येक सभासदाने १,८०,००० भरायचे. ठराव मी घर घेण्याच्या सात महिने आधी झाला होता. विकणाऱ्याला माहीत होतं, म्हणूनच तो विकत होता. मी सोसायटीकडून फक्त 'थकबाकी नाही' एवढंच पत्र घेतलं होतं. ते खरंच होतं, कारण मागणी तोवर निघालीच नव्हती. कित्येक रात्री झोप लागली नाही.

तेव्हा विसाराआधी मागच्या तीन वर्षांच्या वार्षिक सभांची इतिवृत्तं मागा. ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत (नमुना नियमावलीत) आहे. तो अहवाल मागा. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंडात (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीत) किती शिल्लक आहे ते ताळेबंदात दिसतं. आणि करारात स्पष्ट लिहून घ्या की आजवरच्या ठरावांनुसार पुढे जी वर्गणी निघेल ती विकणाऱ्याची.

टेकडी
हे वाचून काटा आला. बाकी सगळे प्रतिसाद एकीकडे आणि हा एकीकडे.

मुळाकाठ
इतिवृत्तात आणखी एक शोधायचं: पुनर्विकासाची चर्चा. इमारत दोन-तीन वर्षांत पाडायची असेल तर नवी मोरी कशाला? तेव्हा फक्त सुरक्षिततेपुरतं करावं.

रत्नागिरीकर
चर्चा आणि पुनर्विकास यांत दहा वर्षंही जातात. नुसत्या चर्चेवर मोरी गळती ठेवू नका. सोसायटीच्या नावावर जमीन आहे का, अभिहस्तांतरण (बिल्डरकडून सोसायटीच्या नावे जमीन करून देणं) झालंय का, ते विचारा म्हणजे प्रकरण किती पुढे आहे ते कळेल.

सायसाखर
वेळेचाही खर्च धरा. काम चालू असताना भाडं नाही आणि मेंटेनन्स मात्र चालू. आमच्या गवंड्याने "आठ दिवसांत देतो" म्हटलं की सासूबाई विचारायच्या, "कुठल्या महिन्यातले आठ?" सोसायटी दुपारी ठोकाठोकी करू देत नाही, रविवारी कामच बंद. मी दोन महिने सांगितले असतील तर तीन धरते.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. पुष्कळ दिवसांनी लिहिते आहे, कारण तुम्ही सांगितलेलं एकेक करत होते.

शनिवारी भाऊ, मी, एक प्लंबर आणि एक वायरमन असे गेलो. दोघांना त्यांच्या वेळेचे पैसे दिले, मिळून १,५००. एवढ्या कमी पैशांत एवढं कधी शिकले नव्हते. दुसरा नळ सोडल्यावर पहिल्याची धार करंगळीएवढी झाली. अर्थिंग फक्त स्वयंपाकघरापर्यंत. स्लॅब स्वच्छ आहे, इंजिनिअरनेही पाहिला. खालच्या आजींचं छत मोरीखाली ओलं आहे.

माझी यादी अशी झाली. मोरी आणि संडास पूर्ण २,१५,०००. वायरिंग १,०५,०००. ओटा, सिंक, टाइल्स, साध्या ट्रॉल्या (चाफा, तुमच्यासाठी) १,१०,०००. ९५ चौरस फूट अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या ४५० दराने ४२,७५०. रंग २,१७० चौरस फूट, २४ दराने ५२,०८०. मोझॅक पॉलिश १२,०००. मोरी-संडासाची दारं आणि कड्या २२,०००. राडारोडा आणि हमाली २४,०००. बेरीज ५,८२,८३०. त्यावर १५ टक्के अनपेक्षित धरून सुमारे ६,७०,०००.

खरेदी, शुल्क, हस्तांतरण, दलाली मिळून साडेसत्त्याहत्तर लाखांच्या पुढे जात होते, वर ही दुरुस्ती. म्हणजे ८५ मध्ये जेमतेम बसत होतं, हातात काही उरत नव्हतं.

आणि अंगतपंगत, तुमचं ऋण मोठं आहे. इतिवृत्तात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव सापडला! सभासदामागे ३५,०००, अजून मागणी निघालेली नाही. वही घेऊन मालकांसमोर बसलो. माणूस वाईट नाही, त्यांना खरंच कल्पना नव्हती की पाइप एवढे गेलेत. यादी वाचून दाखवली, एकेका ओळीवर बोललो. चार लाख कमी मागितले होते, दोन लाखांवर तुटलं. ७० लाख, आणि गच्चीची वर्गणी त्यांची, तसं करारात लिहिलं. विसार काल दिला. मालकीण म्हणून आईचं एकटीचंच नाव.

एक शंका उरली. आईचं म्हणणं, मोरी-संडास एक करून मोठं बाथरूम करू, भाडं जास्त येईल. करावं का?

ओळंबा
छान काम केलंत. मनापासून सांगतो, ठेकेदारही एवढी नीट यादी देत नाहीत.

मधली भिंत पाडू नका. आधी ती नुसती विटांची आहे की वर तुळई आहे हे बघावं लागेल, नकाशात बदल म्हणून परवानगीचा प्रश्न येईल. शिवाय खालच्या आजींच्या छतावर नवा सांधा तयार होईल, आणि सांधा म्हणजे गळतीची जागा. आणि भाड्याच्या घरात सकाळी चार माणसं आवरत असताना संडास आणि मोरी वेगळी असणं ही सोयच आहे. आईंना हेच सांगा.

चाफा
आमचे भाडेकरू 'वेगळं आहे ना?' हे पहिल्यांदा विचारून आले होते.

पाणपोई
कोबा झाल्यावर नहाणी ट्रॅप बंद करून मोरीत दोन इंच पाणी किमान ४८ तास भरून ठेवा. टाइल्सवाला घाई करेल, ऐकू नका. आणि त्या दोन दिवसांत खालच्या आजींकडे रोज एक चक्कर मारा.

निशिगंध
मारते. त्यांनी तसंही "गणपतीला ये" म्हणून सांगितलंय.